मी तंत्रस्नेही नाही, तरी ई-रीडर उघडला



केंद्राच्या शिक्षण परिषदेत "तंत्रस्नेही शिक्षकांनी हात वर करा" असं कुणी म्हणालं की मी बाकाखाली पडलेलं पेन शोधायला वाकते. पेन पडलेलं नसतं. मी मराठी शिकवते, फळा-खडू मला पुरतो, आणि प्रोजेक्टर सुरू करायलाही मी आठवीतल्या मुलांना हाक मारते. हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून "हे काही आपल्याला जमायचं नाही" असं तुम्हाला वाटू नये. मला जमलं. दोनदा चुकून जमलं, पण जमलं.

सुरुवात झाली ती माझ्या सहावीतल्या एका मुलीमुळे. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिची दृष्टी अधू आहे. चष्मा आहे, पण नुसत्या चष्म्याने भागत नाही. पुस्तक नाकाला टेकेल इतकं जवळ धरते तेव्हा कुठे अक्षर लागतं. पाठ्यपुस्तकं तिला समग्र शिक्षामधून मोठ्या अक्षरांत मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण येते शनिवारच्या वाचनाच्या तासाला. ग्रंथपेटी उघडली की सगळी पोरं तुटून पडतात. ही शेवटी येते, एखादं पुस्तक उचलते, चित्रं बघते आणि परत ठेवून देते. एकदा म्हटलं, "अगं घे की एखादं." तर म्हणाली, "नको बाई. गोष्ट संपायच्या आधी माझं डोकं दुखतं."

तुमच्यापैकी ज्यांच्या वर्गात असं मूल आहे त्यांना कळेल, पाठ्यपुस्तक मोठ्या अक्षरात देणारी योजना असते, पण गोष्टीचं पुस्तक मोठ्या अक्षरात देणारी योजना सहसा नसते. आणि वाचनाची गोडी लागते ती गोष्टीच्या पुस्तकाने. स्वाध्याय सोडवून कुणाला वाचायची गोडी लागल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आधी मोबाईल करून पाहिला. पीडीएफ उघडायची, दोन बोटांनी मोठी करायची. अक्षर मोठं होतं, पण ओळ पडद्याबाहेर जाते. मग पान डावीकडे ओढा, ओळ संपली की परत उजवीकडे ढकला, आणि एवढ्यात पुढची ओळ कोणती तेच हरवतं. शिवाय पडदा डोळ्यांवर उजेड मारतो, आणि मध्येच कुणाचा तरी "शुभ सकाळ" येतो. दहा मिनिटांत तिने फोन परत दिला.

माझी मावसबहीण टोरांटोला असते. तिच्याशी बोलताना हा विषय निघाला, आणि दिवाळीत येताना तिने घरात पडून असलेले दोन जुने ई-रीडर आणले. कोबो क्लारा एचडी, २०१८ सालचं मॉडेल. कोबो ही मूळची टोरांटोचीच कंपनी, आता जपानच्या राकुतेनच्या मालकीची. इंग्रजी 'बुक' शब्दाची अक्षरं उलटसुलट केली की 'कोबो' होतं. मावसबहीण म्हणाली, "आमच्याकडे आता कुणी वापरत नाही. बिघडला तरी चालेल, पण वापर."

ज्यांनी ई-रीडर हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्याचा पडदा मोबाईलसारखा नसतो. त्याला ई-इंक म्हणतात. आत सूक्ष्म कुप्या असतात आणि त्या कुप्यांत काळे आणि पांढरे कण. त्यांच्यावर विरुद्ध विद्युतभार असतो, त्यामुळे वीज दिली की कधी काळे वर येतात, कधी पांढरे. एकदा पान उमटलं की ते टिकून राहायला वीज लागत नाही, पान बदलतानाच लागते. म्हणून चार्जिंग आठवडे पुरतं. उन्हात धरलं तर मोबाईल दिसेनासा होतो, हे उलट जास्त स्पष्ट दिसतं. आणि रात्री लागणारा दिवा कडेला असतो, त्याचा उजेड पानावर पडतो, थेट डोळ्यांत येत नाही.

सहा इंची पडदा, वजन वहीपेक्षाही कमी. मी खुश. बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवली, दोन-चार गोष्टींच्या पीडीएफ घेतल्या, भरल्या आणि उघडल्या. अक्षरं मुंगीएवढी! चूक यंत्राची नव्हती. पीडीएफ म्हणजे छापलेल्या पानाचा फोटोच समजा. मोठ्या पानासाठी रचलेला मजकूर तळहाताएवढ्या पडद्यावर कोंबला तर दुसरं काय होणार?

मग मी पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. तो संगणकातला. म्हणाला, "मावशी, त्यात कोरीडर टाक."

मी म्हटलं, "म्हणजे नवीन विंडोज टाकायची?"

तो हसला. पण हा प्रश्न वेडा नव्हता हे मला नंतर कळलं, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. कोबो असो की किंडल, दोन्हींच्या पोटात मुळातच लिनक्स आहे. त्या लिनक्सवर कंपनीने आपलं वाचनाचं दुकान मांडलेलं असतं. आता तुम्हाला दोन गोष्टी करता येतात. एक, घर तेच ठेवायचं आणि त्यात आपली एक खोली काढायची. कोरीडर तसा आहे. ती कार्यप्रणाली नव्हे, वाचनाचं सॉफ्टवेअर आहे, आणि कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर शेजारी जसंच्या तसं राहतं. दुसरी गोष्ट, घरच नवीन बांधायचं, म्हणजे पूर्ण वेगळी मुक्त कार्यप्रणाली बसवायची. मी दोन्ही करून पाहिलं. पहिल्याने काम झालं. दुसऱ्याने मी शिकले.

'मुक्त' याचा अर्थ नुसतं फुकट नाही. त्या सॉफ्टवेअरची संहिता कुणालाही वाचता येते, सुधारता येते, वाटता येते. कोरीडर सुरू झालं तेच मुळी किंडलवर पीडीएफ नीट वाचता यावी म्हणून, आणि गेली बरीच वर्षं जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतायत. आपल्याकडे भिशीचा हिशोब असतो ना, वही सगळ्यांसमोर उघडी, तसं.

हा खटाटोप लोक का करतात, याचं उत्तर शिक्षकांनी ऐकण्यासारखं आहे. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या विकलेल्या प्रती लोकांच्या किंडलमधून दूरवरूनच पुसल्या, कारण ज्याने त्या विकायला ठेवल्या होत्या त्याच्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत केले. पण अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलाने गृहपाठासाठी त्या पुस्तकात टिपा काढल्या होत्या. पुस्तक गेल्यावर त्या टिपांना अर्थच उरला नाही. तो न्यायालयात गेला, कंपनीला तडजोड करावी लागली आणि कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनने विकत घेतलेली पुस्तकं आपल्या संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये टाकायची सोयही बंद केली. कपाटातलं पुस्तक असं कुणी घेऊन जात नाही. गेलंच तर उसनं नेलेलं परत येत नाही, एवढंच.

आता प्रत्यक्ष काय केलं ते सांगते. चुकांसकट सांगते, कारण चुका वगळून लिहिलेल्या सूचना मी भरपूर वाचल्या होत्या आणि त्यांनीच घोळ झाला.

पहिली गोष्ट केबल. घरातल्या पहिल्या केबलने चार्जिंग होत होतं, पण संगणकावर काहीच दिसेना. मी अर्धा तास संगणकाला दोष देत बसले. काही केबल फक्त वीज नेतात, माहिती नेत नाहीत. दुसरी केबल लावल्याबरोबर ई-रीडरच्या पडद्यावर "जोडायचं का?" असा प्रश्न आला, हो म्हटलं, आणि संगणकावर तो पेन ड्राइव्हसारखा उघडला. तिथे सगळ्यात आधी आत जे काही होतं त्याची संगणकावर एक प्रत काढून ठेवली. हे मात्र भाच्याच्या सांगण्यावरून, पहिल्याच झटक्यात केलं.

दुसरी गोष्ट, लपलेले फोल्डर. ज्यांच्या नावाची सुरुवात टिंबाने होते ते फोल्डर संगणक सहसा दाखवत नाही. 'टिंब-कोबो' असा एक फोल्डर तिथे असतो आणि सगळा कारभार त्यातच चालतो. विंडोजमध्ये वरच्या 'व्ह्यू' मेनूत जाऊन लपलेल्या गोष्टी दाखव असं सांगावं लागतं. ते माहीत नसल्याने मी 'माझ्याकडे तो फोल्डरच नाही' म्हणून रात्री साडेदहाला भाच्याला उठवलं.

तिसरी गोष्ट ही माझी खरी चूक. तुम्हाला दोन दाबलेल्या फायली उतरवाव्या लागतात. एक कोरीडरची, ती उलगडून 'टिंब-ॲड्स' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. दुसरी एक छोटी फाईल, निकेलमेनू नावाची. ती कोबोच्या मूळ मेनूत आपला एक दरवाजा काढून देते. ती फाईल मात्र उलगडायची नाही. बंद पाकीट जसंच्या तसं टिंब-कोबो फोल्डरमध्ये टाकायचं, ई-रीडर स्वतःच ते फोडतो. मी नेमकं उलटं केलं. जे उलगडायचं ते बंद ठेवलं आणि बंद ठेवायचं ते उलगडलं. ई-रीडर सुरू केला तर काहीच बदललेलं नाही. नुकसान काही झालं नाही, पण 'झालं, बिघडवलं बहिणीचं यंत्र' म्हणून पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बरोबर केलं. पाकीट ठेवलं, संगणकावर 'इजेक्ट' केलं आणि मगच वायर काढली. हे वाक्य तुम्ही दोनदा वाचा. फाईल अजून लिहिली जात असताना वायर ओढली तर खरोखर बिघाड होऊ शकतो. भाचा प्रत्येक फोनच्या शेवटी "अगं मावशी, वायर काढायच्या आधी इजेक्ट" असं म्हणत होता, जसं आपण मुलांना "नाव लिहिलं का पेपरवर?" विचारतो. वायर काढताच पडदा काळा-पांढरा झाला, यंत्र आपोआप बंद होऊन सुरू झालं, आणि मेनूत निकेलमेनूचं नाव दिसलं. मग एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये एक ओळ लिहायची, कोरीडर कुठे आहे ते सांगणारी. ती कोरीडरच्या मार्गदर्शिकेत दिलेली असते. मी ती हाताने टाइप न करता चिकटवली. ऱ्हस्व-दीर्घाची चूक मी पकडेन, पण त्या ओळीतली तिरकी रेघ चुकली तर मला कळणार नाही.

कोरीडर उघडलं. मी टाळी वाजवली, घरात कुणी नव्हतं.

चौथी चूक संध्याकाळी कळली. मूळ ग्रंथालय उघडलं तर त्यात शेकडो नवीन 'पुस्तकं'! प्रत्येक पुस्तक म्हणजे एक बोटभर चित्र, बाण, भिंग, दिवा असं काहीतरी. झालं होतं असं, की कोबो नवीन पुस्तकं शोधताना लपलेल्या फोल्डरांतही डोकावतो, आणि कोरीडरच्या मेनूतली सगळी चिन्हं त्याने पुस्तकं समजून मांडून ठेवली होती. 'ह्या फोल्डरांत बघू नकोस' असं त्याला सांगणारी एक ओळ कोबोच्या सेटिंगच्या फाईलमध्ये आधीच घालायची असते. मार्गदर्शिकेत ते स्पष्ट लिहिलं होतं. मी ते 'नंतर बघू' म्हणून सोडलं होतं. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना न वाचणाऱ्या मुलांना मी आता जरा कमी ओरडते.

एवढं झाल्यावर खरं काम सुरू झालं, आणि ते तंत्राचं नव्हतं, मराठीचं होतं.

कोरीडरमध्ये पीडीएफसाठी 'रीफ्लो' नावाची सोय आहे. ती पानावरचा एकेक शब्द कापून मोठा करते आणि पडद्याच्या रुंदीत नव्याने ओळी लावते. शब्द तिला वाचता येत नाहीत, ती फक्त चित्राचे तुकडे करते, म्हणून कुठलीही लिपी चालते. आपल्या शिरोरेषेचा इथे फायदा होतो, कारण तिच्यामुळे शब्द अखंड राहतो. गद्य धडा सुंदर दिसला. मग मी कविता उघडली आणि हसू की रडू कळेना. सगळ्या ओळी एकामागे एक जोडून कवितेचा परिच्छेद झाला होता! यमक कुठेतरी ओळीच्या मध्ये अडकलेलं. चित्रं आणि चौकटी असलेल्या पानांचीही अशीच खिचडी होते. शिवाय दाटीने छापलेल्या जुन्या पुस्तकात वरची वेलांटी कधी वरच्या ओळीला जाऊन चिकटते. त्यामुळे माझा नियम असा ठरला: गद्याला रीफ्लो, कवितेला फक्त समास कापायचे आणि ई-रीडर आडवा धरायचा.

पण पीडीएफचा मार्ग शेवटी अर्धाच. खरा उपाय इपब. इपबमध्ये मजकूर मजकूर म्हणूनच असतो, त्यामुळे अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप बसतात. मला वाटलं, पीडीएफमधून मजकूर उचलू आणि इपब करू. मराठीत इथेच ठेच लागते. आपल्या कितीतरी पीडीएफ जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या आहेत. डोळ्यांना 'शाळा' दिसतं, पण उचलून दुसरीकडे चिकटवलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला येतो. यंत्राच्या लेखी ते मराठी नाहीच. म्हणून एक विनंती आगाऊपणे करून ठेवते: तुम्ही स्वाध्याय, गोष्टी, प्रश्नसंच करत असाल तर युनिकोडमध्येच टाइप करा. आज छापून काम भागेल, पण उद्या कुणा मुलाला ते अक्षर मोठं करून हवं असेल.

मग मी काय केलं? तीन वाटा सापडल्या. मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं थेट इपब म्हणून उतरवता येतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन सर्वांसाठी खुलं होतं; साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांच्या गोष्टी आपण निर्धास्तपणे मुलांसाठी टाइप करू शकतो. दुसरी वाट प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरची. तिथल्या गोष्टी मुक्त परवान्यावर आहेत, लेखक-चित्रकारांचं नाव दिलं की पुन्हा मांडायला हरकत नाही. आणि तिसरी, स्वतः टाइप करणं. गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टाइप करता येतं आणि तिथूनच फाईल इपब म्हणून उतरवता येते. रात्री जेवणं झाली की मी स्वयंपाकघरात बसून फोनला गोष्ट सांगायचे. आमच्या ह्यांना आधी वाटलं मी कुणाशी भांडतेय.

फाईली संगणकावर नीट लावायला कॅलिबर नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. भारतीय वंशाच्या कोविद गोयल यांनी ते २००६ मध्ये सुरू केलं. कोविद म्हणजे संस्कृतात विद्वान. करोनाच्या काळात त्या नावाचं काय झालं असेल असं मला उगाच वाटून गेलं.

एक गोष्ट फाँटची. पहिली गोष्ट वाचताना ती म्हणाली, "बाई, ह्यातला ल वेगळा आहे." बरोबर होतं. बहुतेक देवनागरी फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे असतात. आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात मराठी वळणाचे असतात. २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणं निश्चित करून दिली होती. डोळस वाचकाला फरक जाणवतही नाही, पण जी मुलगी एकेक अक्षराचा आकार चाचपत वाचते तिला तो अडतो. राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' हा मुक्त फाँट मराठीसाठीच बनवलेला आहे. कोरीडरच्या फोल्डरमध्ये 'फाँट्स' नावाचा फोल्डर असतो, त्यात ती फाईल नुसती टाकली. ल जागेवर आला.

अक्षराचा आकार, जाडी, दोन ओळींतलं अंतर, समास हे सगळं कोरीडरमध्ये बोटाने सरकवून बदलता येतं. मी तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "तुला हवं तसं कर." मी स्वतः ठरवलं असतं तर अक्षर नुसतं मोठं केलं असतं. तिने आकार मध्यम ठेवला, जाडी वाढवली, ओळींत भरपूर जागा सोडली आणि पान काळं करून अक्षरं पांढरी केली. पानावर जेमतेम तीस-पस्तीस शब्द मावतात, दर अर्ध्या मिनिटाला पान उलटावं लागतं. मला ते तापदायक वाटलं, तिला नाही. (पालकांना एक सांगते: ही सोय डॉक्टरांनी सांगितलेल्या भिंगाच्या किंवा चष्म्याच्या जागी नाही. तिच्या आईला मी हेच सांगितलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच पुढे गेलो.)

आता दुसऱ्या यंत्राची कथा, थोडक्यात. क्लारा एचडीचं मागचं झाकण नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचकटता येतं, आणि आत एक मायक्रोएसडी कार्ड असतं, फोनमध्ये असतं तसं. यंत्राची कार्यप्रणाली, पुस्तकं, सगळं त्या कार्डावर. त्यामुळे मूळ कार्ड काढून डबीत जपून ठेवायचं आणि दुसऱ्या कार्डावर नवीन प्रणाली लिहून बसवायची, असं करता येतं. फसलं तर जुनं कार्ड परत. सगळ्या ई-रीडरमध्ये असं नसतं, कित्येकांत साठवण आतच पक्की जोडलेली असते. अशा मुक्त प्रणालींत पोस्टमार्केटओएस आहे; जुने फोन दहा वर्षं चालावेत म्हणून २०१७ मध्ये ती सुरू झाली आणि ह्या कोबोसाठीही तिची आवृत्ती आहे. खास ई-रीडरसाठी इंकबॉक्स आहे, पुढे तिचं नाव क्विल ओएस झालं.

मी दुसरी निवडली. मूळ कार्डाची पूर्ण नक्कल आधी संगणकावर काढली, मग नव्या कार्डावर प्रणाली लिहिली. झाकण उघडताना 'कट्' असा आवाज आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. पडदा उजळला, वेगळंच चिन्ह आलं, यंत्र सुरू झालं. तो आनंद वेगळाच, खोटं कशाला बोलू? आठवडाभर मी ती प्रणाली वापरली आणि मग जुनं कार्ड परत बसवलं, त्यावर कोरीडर टाकलं. प्रणालीत वाईट काही होतं म्हणून नव्हे. हे स्वयंसेवकांचं घडत असलेलं काम आहे, त्यात रमायला वेळ हवा, आणि अडलं तर सोडवायची थोडी तयारी हवी. शाळेत यंत्र अडलं तर सोडवणारी मी एकटी, आणि मी कोण ते सुरुवातीलाच सांगितलंय. तुमच्याकडे एखादं फार जुनं, पडून राहिलेलं यंत्र असेल आणि आठवी-नववीतलं कुतूहल असलेलं पोर असेल, तर दोघांना एकत्र बसवा. रोजच्या वाचनासाठी मात्र कोरीडरच पुरे.

किंडल असलेल्यांनी जरा जपून. तिथे आधी 'जेलब्रेक' करावं लागतं, म्हणजे कंपनीचं कुलूप उघडावं लागतं. ते तुमच्या यंत्रात कुठली आवृत्ती आहे त्यावर अवलंबून असतं. २०२५ च्या सुरुवातीला 'विंटरब्रेक' नावाची एक युक्ती निघाली होती, ती पुढच्या आवृत्तीत बंद केली गेली. हमी असलेल्या नव्या यंत्रावर असले प्रयोग करू नका. शाळेच्या जडसंग्रहात नोंदलेल्या वस्तूवर तर मुळीच नको. माझी दोन्ही यंत्रं मला व्यक्तिशः मिळालेली होती, म्हणून मी धाडस केलं.

जानेवारीपासून एक यंत्र तिच्याकडे असतं, दुसरं शाळेत. शनिवारी ग्रंथपेटी उघडते तेव्हा तीही आपला ई-रीडर काढून खिडकीपाशी बसते. पहिले दोन आठवडे बाकीची पोरं तिच्याभोवती जमायची, मग त्यांना कळलं की यात खेळ नाहीत, आणि ती पांगली.

गेल्या महिन्यात ती वहीचा एक कागद घेऊन आली. मी फोनला सांगून टाइप केलेल्या गोष्टींतल्या चुका तिने उतरवून काढल्या होत्या, गोष्टीचं नाव आणि पान क्रमांकासकट. 'दिन' हवं तिथे 'दीन'. 'पाणि'. एका ठिकाणी राजाच्या जागी रजा. अक्षर एवढं मोठं असल्यावर चूक लपायला जागाच कुठे असते? मी म्हटलं, "अगं, हे मशीनने लिहिलंय." ती म्हणाली, "पण बाई, तपासलं तर तुम्हीच ना?"

एकूण तेवीस निघाल्या. एकोणीस दुरुस्त केल्यात, चार मला अजून सापडलेल्या नाहीत. पान क्रमांक तिच्या अक्षराच्या आकाराप्रमाणे आहेत, माझ्या नाही.